'गेट'चा मराठी अर्थ काय? मिळणे, होणे, पोचणे, लागणे... आणि बरंच काही

ऑफिसच्या ग्रुपवर सकाळी सकाळी एखाद्याचा असा मेसेज येतो: 'गॉट होम लेट, गॉट वेट, गॉट अ कोल्ड. डिडन्ट गेट युअर मेल. विल गेट बॅक टू यू व्हेन आय गेट बेटर.'

दोन ओळींत 'गेट' सहा वेळा. आता हाच मेसेज मराठीत लिहून बघा. 'घरी पोचायला उशीर झाला, भिजलो, सर्दी झाली. तुमचा मेल मिळाला नाही. बरं वाटलं की कळवतो.' सहापैकी फक्त एका ठिकाणी 'मिळणे' आलं. तिथेही शंका आहेच, कारण 'डिडन्ट गेट युअर मेल' याचा अर्थ 'तुमचा मेल मला समजला नाही' असाही होऊ शकतो. पाठवणाऱ्याने मेल पुन्हा पाठवायचा की समजावून सांगायचा, हे त्याने आता ठरवावं!

डिक्शनरी अ‍ॅप उघडलं की 'गेट'समोर पहिला अर्थ दिसतो 'मिळणे, मिळवणे, प्राप्त करणे'. तो चुकीचा नाही, पण तेवढाच धरून बसलं तर 'गॉट वेट'चं 'ओलेपणा प्राप्त झाला' होतं.

मराठी माध्यमातून शिकलेल्या अनेकांना हा अनुभव असतो की इंग्रजी पेपर वाचता येतो, ऑफिसचं पत्र लिहिता येतं, पण समोरचा भराभर बोलायला लागला की तारांबळ उडते. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीच्या पिढ्यांची ए-बी-सी-डी पाचवीत सुरू व्हायची आणि मग व्याकरण, भाषांतर, पाठांतर. त्यातून 'रिसीव्ह', 'ऑब्टेन', 'अराइव्ह' असे शब्द पक्के झाले. गंमत अशी की हे भारदस्त शब्द तुलनेने सोपे आहेत. 'ऑब्टेन' कुठेही भेटला तरी साधारण एकच अर्थ सांगतो. त्रास देतात ते तीन-चार अक्षरांचे शब्द: गेट, सेट, टेक, पुट, रन. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद 'सेट'ची होती. पुढे 'रन'ची नोंद नव्याने लिहायला घेतली तेव्हा संपादक पीटर गिलिव्हर यांचे नऊ महिने त्या एका क्रियापदात गेले आणि अर्थ निघाले ६४५. 'गेट' या शर्यतीत पहिला नाही, पण रोजच्या बोलण्यात त्याच्याशिवाय पान हलत नाही. म्हणून आज त्याच्याकडेच बघूया.

'गेट'च्या पोटात काय आहे?

पोटात आहे बदल. आधी एक परिस्थिती होती, आता दुसरी झाली. वस्तू माझ्याकडे नव्हती, आली: मिळाली. मी घरी नव्हतो, आलो: पोचलो. मी कोरडा होतो, ओला झालो: भिजलो. अर्थ डोक्यात नव्हता, शिरला: समजला. प्रत्येक वेळी कशाततरी फरक पडला, आणि तो सांगायला इंग्रजीने एकच शब्द कामाला लावला.

त्यामुळे 'गेट' दिसला की त्याच्याकडे बघत बसू नका, त्याच्या पुढचा शब्द बघा. पुढे वस्तू आली तर मिळणे, आणणे किंवा घेणे. पुढे 'टायर्ड', 'ओल्ड', 'अँग्री' असं विशेषण आलं तर होणे. पुढे जागा आली तर पोचणे. पुढे 'टू' आणि क्रियापद आलं तर प्रकरण जरा वेगळं आहे, त्याकडे नंतर येऊ.

वस्तूवालं 'गेट' सगळ्यात सोपं वाटतं, पण मराठीची खरी मजा तिथेच आहे. 'आय गॉट सेव्हन्टी परसेंट' म्हणजे मला सत्तर टक्के *पडले*. 'शी गॉट अ जॉब' म्हणजे तिला नोकरी *लागली*. 'आय गॉट अ शॉक' म्हणजे मला शॉक *बसला*. 'ही गॉट डेंग्यू' म्हणजे त्याला डेंग्यू *झाला*. 'आय डिडन्ट गेट एनी स्लीप' म्हणजे मला झोप *लागली* नाही. 'आय गॉट अ कॉल फ्रॉम द बँक' म्हणजे बँकेचा फोन *आला*. मराठीत टक्के पडतात, शॉक बसतो, फोन येतो आणि नोकरी लागते. प्रत्येक गोष्टीची आपल्याकडे येण्याची चाल वेगळी आणि क्रियापदही वेगळं. इंग्रजीने ही सगळी पोस्टं एकाच कारकुनाकडे दिली आहेत.

घरातल्या वापरात 'गेट' आणखी आटोपशीर होतो. बेल वाजली आणि कोणी म्हणालं 'कॅन यू गेट द डोअर?' तर त्याला दार नको असतं, दार उघडायला हवं असतं. 'कॅन यू गेट द फोन?' म्हणजे फोन उचलशील का. हॉटेलात बिल आल्यावर मित्र 'आय गॉट इट' म्हणाला तर त्याला काही समजलेलं नाही, तो पैसे देतोय. खिशाकडे गेलेला हात निमूटपणे मागे घ्या.

हा शब्द आला कुठून?

'गेट' हा मूळचा इंग्लंडचा नाही. नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडून आलेले व्हायकिंग इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात लुटालूट करता करता तिथेच स्थायिक झाले, शेती करू लागले, स्थानिकांशी सोयरिकी झाल्या. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेतलं 'गेटा' हे क्रियापद इंग्रजीत रुळलं आणि साधारण १२०० च्या सुमारास लिखाणात दिसू लागलं. 'टेक', 'एग', 'स्काय', 'विंडो' आणि चक्क 'दे' हे सर्वनामसुद्धा याच पाहुण्यांचं. म्हणजे 'दे टेक एग्ज' यातला एकही मूळ शब्द अस्सल इंग्लिश नाही.

जुन्या इंग्रजीत याचा भाऊबंद होता, पण तो एकटा येत नसे, जोडूनच यायचा. त्यातला एक आजही आपण रोज वापरतो: 'फर्गेट'. त्याचा जुना अर्थ हातातली पकड सुटणे. लॅटिनमधलं 'पकडणे' या अर्थाचं जे क्रियापद आहे त्याचंही मूळ हेच, आणि त्यातून इंग्रजीत आला 'कॉम्प्रिहेन्ड', म्हणजे आकलन होणे. त्यामुळे 'आय गेट इट' याचा अर्थ 'मला समजलं' का होतो हे कोडं उरत नाही. समजणं म्हणजे मनाने पकडणं. आपण मुलाची 'ग्रहणशक्ती' चांगली आहे म्हणतो तेव्हा तेच म्हणत असतो, कारण संस्कृतातल्या 'ग्रह्' धातूचा अर्थही धरणं हाच आहे.

आपलं 'लागणे' काय कमी आहे का?

इंग्रजीला नावं ठेवण्याआधी आपल्या घरात डोकावू. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, वेळ लागतो, निकाल लागतो, लग्न लागतं, गाडी लागते (प्लॅटफॉर्मवर लागते ती वेगळी आणि घाटात लागते ती वेगळी!), डोळा लागतो, नळाला पाणी कमी लागतं, आमटी खारट लागते, फोन लागत नाही, पोरगं रडू लागतं, आणि शेजारचे काका तुमचे कोण लागतात? या सगळ्यात समान धागा शोधून दाखवा. आणि एवढं करून शेवटी वाट लागतेच.

मराठी शिकणाऱ्या एखाद्या तमिळ किंवा जर्मन माणसाची 'लागणे'पुढे जी अवस्था होते तीच आपली 'गेट'पुढे होते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला, १८५७ ला त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली आणि आज तो इंटरनेटवर फुकट बघता येतो. त्यात 'लागणे' काढून बघा. एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपल्या पंडितांच्या मदतीने हे सगळं निस्तरायचा केलेला प्रयत्न वाचताना त्याच्याबद्दल आपुलकी वाटते.

आपल्याला 'लागणे'चे अर्थ कोणी पाठ करून घेतले नव्हते. 'भूक लागली', 'झोप लागली' अशा जोड्या कानावर पडत गेल्या आणि बसल्या. 'गेट'ही जोडीनेच शिकायचा शब्द आहे. 'गेट रेडी', 'गेट होम', 'गेट अँग्री' हे अख्खे तुकडे लक्षात ठेवले की भाषांतराचा खटाटोप वाचतो.

'आहे' आणि 'झालं' यातला फरक

'आय अ‍ॅम टायर्ड' म्हणजे मी दमलोय. 'आय गेट टायर्ड' म्हणजे मी दमतो, जिने चढले की दम लागतो असं. 'आय अ‍ॅम गेटिंग टायर्ड' म्हणजे मी दमत चाललोय. 'बी' स्थिती सांगतो, 'गेट' ती स्थिती येण्याची घटना सांगतो.

लग्नाच्या बाबतीत हा फरक महागात पडू शकतो. 'ही वॉज मॅरीड' ऐकून लोक समजतील की तेव्हा तो विवाहित होता, कदाचित आता नसेल. 'ही गॉट मॅरीड' म्हणजे त्याचं लग्न झालं, लाडू खाल्ले, संपलं. आणि हो, मराठीत लग्न कोणा*शी* होतं म्हणून आपण 'गॉट मॅरीड विथ' लिहून मोकळे होतो. इंग्रजीत ते 'गॉट मॅरीड टू' असतं.

'गॉट सिलेक्टेड', 'गॉट प्रमोटेड', 'गॉट फायर्ड' हेही याच घराण्यातले. यात कोणी केलं ते सांगायची गरज नसते. बोलण्यात हे अगदी चालतं. एक मात्र जपा: 'गेट' अनौपचारिक आहे, आणि कधी कधी त्यात 'स्वतःवर ओढवून घेतलं' अशी छटा येते. 'ही गॉट हिमसेल्फ अरेस्टेड' यात बोलणाऱ्याला त्याच्याबद्दल फारशी सहानुभूती नाही. अपघातात कोणी गेलं आणि तुम्ही इंग्रजीत श्रद्धांजलीची पोस्ट लिहिताय, तर तिथे 'गॉट किल्ड' फार सैल वाटतं. 'वॉज किल्ड' किंवा सरळ 'पास्ड अवे' लिहा. वाचणारे नातेवाईक असतात.

जाता जाता आपल्याकडचं एक लाडकं वाक्य: 'आय अ‍ॅम गेटिंग लेट'. हे 'मला उशीर होतोय'चं तंतोतंत भाषांतर आहे आणि आपल्या देशात सगळ्यांना कळतं. लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये मात्र माणूस 'आय अ‍ॅम रनिंग लेट' म्हणतो, आणि रात्र फार झाली असेल तर 'इट्स गेटिंग लेट' म्हणतो. उशीर वेळेला होतो, माणूस उशिराने 'धावतो' असा तिथला हिशोब.

केस तुम्ही कापले की कापून घेतले?

मराठीत आपण बिनधास्त म्हणतो, 'काल केस कापले', 'दोन वर्षांपूर्वी घर बांधलं', 'गाडी दुरुस्त केली'. ऐकणाऱ्याला माहीत असतं की कात्री न्हाव्याच्या हातात होती आणि विटा गवंड्याने रचल्या. इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हटलं की समोरचा आधी तुमच्या डोक्याकडे बघतो, कारण त्याच्या मते तुम्ही आरशासमोर उभं राहून स्वतःच कापले. तिथे हवं 'आय गॉट माय हेअर कट'.

ही रचना आपल्याला अवघड जायचं कारण नाही, कारण मराठीत ती आहे: 'कापून घेतले', 'करून घेतलं', 'शिवून घेतला'. जिथे मराठीत 'ऊन घेणे' बसतं तिथे इंग्रजीत 'गेट' बसवा. क्रम तेवढा सांभाळा: आधी वस्तू, मग काम. 'गॉट द बाइक रिपेअर्ड', 'गॉट अ ब्लाउज स्टिच्ड', 'गॉट द फॉर्म सबमिटेड'.

नोकरीच्या मुलाखतीत याला किंमत आहे. 'आय डिझाइन्ड द वेबसाइट' आणि 'आय गॉट द वेबसाइट डिझाइन्ड' ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं म्हणालात की पुढचा प्रश्न कोडिंगवर येणार. काम तुम्ही दुसऱ्याकडून करून घेतलं असेल तर तसं सांगण्यात काही कमीपणा नाही, तेही कौशल्यच आहे.

माणसाकडून करवून घेतलं असं नावासकट सांगायचं असेल तर मध्ये 'टू' येतो. 'आय गॉट द प्लंबर टू कम ऑन संडे.' यात नुसतं बोलावलं असं नाही, गळ घातली, फोन केले, शेवटी आला बाबा रविवारी, असा सगळा इतिहास आहे. 'मेड हिम कम' म्हटलं तर जबरदस्ती केली असं होईल. 'गॉट हिम टू'मध्ये पटवणं आहे.

मिळतं की लागतं?

आता 'टू'चं राहिलेलं प्रकरण. गैरसमज व्हायला सगळ्यात जास्त वाव इथे आहे.

'आय गेट टू वर्क फ्रॉम होम.' म्हणजे मला घरून काम करायला *मिळतं*. बोलणारा खूश आहे. 'आय हॅव गॉट टू वर्क फ्रॉम होम.' म्हणजे मला घरून काम करावं *लागतं*. बोलणारा वैतागलेला असू शकतो. 'गेट टू' ही संधी, 'हॅव गॉट टू' ही सक्ती. एक जवळजवळ दुसऱ्याच्या उलट.

इथे मराठी माणसाला फायदा आहे. 'खेळायला मिळालं', 'बघायला मिळालं', 'बोलायलाच मिळालं नाही' हे आपण लहानपणापासून म्हणतोय आणि 'गेट टू' अगदी तसंच चालतं. 'वी डिडन्ट गेट टू टॉक' म्हणजे 'आपल्याला बोलायलाच मिळालं नाही'. यापेक्षा नेमकं भाषांतर क्वचितच सापडेल. आपल्याकडचे बरेच जण मात्र हे वाक्य न वापरता 'वी डिड नॉट गेट अ चान्स टू टॉक' असा लांबचा रस्ता घेतात. तोही बरोबर आहे, फक्त लांब आहे.

गोंधळ कुठे होतो? बोलताना 'हॅव' गिळला जातो आणि उरतं 'आय गॉट टू'. मग 'आय गॉट टू मीट हर' याचे दोन अर्थ होतात: 'मला तिला भेटायला मिळालं' आणि 'मला तिला भेटलंच पाहिजे'. काल-परवाची गोष्ट चालली असेल तर पहिला, आत्ता निघायची घाई असेल तर दुसरा. चॅटवर दुसऱ्या अर्थाने लोक 'गॉटा' लिहितात. 'गॉटा गो' म्हणजे निघायला हवं. त्याचंच आणखी आखूड रूप जी-टी-जी.

'आय गॉट टू नो' हेही आपल्याकडे फार चालतं. 'आय गॉट टू नो दॅट यू आर लीव्हिंग', म्हणजे तू चाललास असं कळलं. भारताबाहेर 'गेट टू नो' बहुतेकदा माणसाबद्दल येतं: हळूहळू ओळख होणे, माणूस कळत जाणे. बातमी कळली असेल तर तिथे 'आय हर्ड' किंवा 'आय फाउंड आउट' म्हणतात.

बसमधून 'गेट डाउन'?

बसमध्ये आपण मागून विचारतो, 'आर यू गेटिंग डाउन?' मराठीत आपण *उतरतो*, उतरणं म्हणजे खाली येणं, म्हणून 'डाउन'. भारतीय इंग्रजीत हे इतकं रुजलंय की त्याला चूक म्हणणं मला पटत नाही. कोट्यवधी लोक वापरतात आणि सगळ्यांना कळतं, मग चूक कशी? फक्त बाहेर त्याचा अर्थ वेगळा आहे हे ठाऊक असावं. अमेरिकेत पोलीस 'गेट डाउन!' ओरडले तर ते स्टॉप आल्याचं सांगत नसतात. ताबडतोब खाली वाका, जमिनीवर आडवे व्हा असं सांगत असतात. एखाद्याला 'धिस वेदर गेट्स मी डाउन' म्हणायचं असेल तर त्याला या हवेने उदास वाटतंय.

बस, ट्रेन, विमान यांच्यासाठी तिकडे 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. कार, टॅक्सी, रिक्षासाठी 'गेट इन' आणि 'गेट आउट'. लक्षात ठेवायची एक साधी खूण: ज्या वाहनात उभं राहून चालता येतं तिथे ऑन-ऑफ, जिथे वाकून शिरावं लागतं तिथे इन-आउट. स्कूटर आणि घोडा यांना ही खूण लागू नाही. त्यांच्यावर बसतात, म्हणून तिथेही ऑन-ऑफच.

असे मागे लागलेले छोटे शब्द 'गेट'चा पार चेहरा बदलतात. सगळे इथे देत नाही, पण दोन जोड्या सांगायलाच हव्यात. 'आय विल गेट बॅक टू यू' म्हणजे मी तुम्हाला उलट कळवतो. 'टू'च्या जागी 'अ‍ॅट' गेला, 'आय विल गेट बॅक अ‍ॅट यू', की ती धमकी होते: याचा बदला घेईन. क्लायंटला मेल लिहिताना एवढं एक अक्षर तपासून घ्या. दुसरी जोडी 'गेट बाय' आणि 'गेट अवे विथ'. 'वी गेट बाय' म्हणजे आमचं कसंबसं भागतं. 'ही गॉट अवे विथ इट' म्हणजे केलं आणि त्याला पचलं. इथे 'पचणे' हा मराठी शब्द इंग्रजीपेक्षाही चपखल आहे.

आणि फोन लागला नाही तर? 'आय कुडन्ट गेट थ्रू.' शेवटी 'गेट' आणि 'लागणे' एकमेकांना भेटले.

रील्स आणि कमेंटमधला 'गेट'

परीक्षेला निघालेल्या मुलीच्या स्टोरीवर कोणी 'यू गॉट धिस!' लिहितं. तिला काही मिळालेलं नाही. अर्थ आहे 'तुला जमेल', 'तू करशील'. त्याच चालीवर 'आय गॉट धिस' म्हणजे काळजी करू नका, मी बघतो. कमेंटमध्ये 'गॉचा' दिसला तर ते 'गॉट यू'चं बोली रूप. त्याचे प्रसंगानुसार 'कळलं', 'पकडला!' किंवा 'कसं गंडवलं!' असे तीन अर्थ निघतात. मेकअपच्या रील्सवर जी-आर-डब्ल्यू-एम असतं ते 'गेट रेडी विथ मी', म्हणजे मी तयार होतेय, तुम्हीही बघा. 'ही गेट्स मी' हे जोडीदाराबद्दल लिहिलेलं असतं: तो मला समजून घेतो. 'गेट अ लाइफ' आणि 'गेट वेल सून' यांत अंतर फार आहे, पहिलं टोमणा आणि दुसरं सदिच्छा.

'आय गेट इट' आणि 'गॉट इट' यातही सूक्ष्म फरक आहे. बॉसने काम सांगितलं की 'गॉट इट' म्हणावं, म्हणजे कळलं, करतो. मित्र आपलं दुःख सांगत असेल तेव्हा 'आय गेट इट', म्हणजे तुझी अवस्था मी समजू शकतो. 'ओके, आय गेट इट' असं जोर देऊन म्हटलं तर मात्र 'पुरे आता, कळलं' असं होतं. सुरुवातीच्या मेसेजमधली शंकाही आता सोडवता येईल. फाइल पाठवल्यावर नुसतं 'गॉट इट?' विचारू नका, कारण समोरचा 'येस' म्हणेल आणि फाइल पोचली की समजली ते कळणार नाही. 'डिड यू रिसीव्ह द फाइल?' विचारा. शाळेत पाठ केलेला 'रिसीव्ह' इथे खरा उपयोगी पडतो. अर्ज, तक्रार, बँकेचं पत्र, वकिलाची नोटीस अशा ठिकाणीही तोच बरा, कारण तिथे दोन अर्थ निघणं परवडत नाही.

आणि हा 'गॉटन' कोण?

नेटफ्लिक्सवर 'आय हॅव गॉटन युज्ड टू इट' ऐकून अनेकांना वाटतं की सबटायटल चुकलं. चुकलेलं नाही. आपल्या शाळेत गेट-गॉट-गॉट शिकवतात, कारण आपलं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं. 'गॉटन' हे जुनं रूप आहे. इंग्लंडमध्ये ते मागे पडलं, पण अमेरिकेत टिकलं. गमतीचा भाग असा की 'फर्गॉटन'मध्ये ते इंग्लंडनेही सोडलेलं नाही.

अमेरिकन माणूस मात्र दोन्ही रूपं वापरतो आणि त्यात भेद करतो. 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे मी गाडी मिळवली, घेतली. पहिल्यात गाडी दारात उभी आहे एवढंच, दुसऱ्यात ती दारात येण्याची घटना आहे. तुम्ही ब्रिटिश वळणाचं इंग्रजी बोलत असाल तर 'गॉटन' वापरायची गरज नाही, पण अमेरिकेतल्या भाचीच्या तोंडी ऐकलात तर तिला दुरुस्त करायला जाऊ नका.